वर चढलेला फुटबॉल क्लब आणि पहिल्या हंगामातील दमछाक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात कॅम्प आणि टिळकवाडी भागातील मुले पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळत आली आहेत, निपाणीकडच्यांचे कान कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडे लागलेले असतात आणि खानापूरकडच्यांना घाट उतरला की गोवा जवळ वाटतो. अशा पट्ट्यात इंग्लंडमधील प्रीमियर लीग रात्री जागून पाहणारे पुष्कळ आहेत, यात नवल नाही. २०२३-२४ च्या हंगामात लुटन टाउन हा लहानसा क्लब वरच्या विभागात आला, तेव्हापासून एकाच प्रकारचे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बरीचशी लुटनची आहेत, कारण प्रश्नही बहुतेक त्याच क्लबाबद्दलचे आहेत.

१. क्लब वरच्या विभागात नेमका कसा चढतो, आणि किती क्लब खाली उतरतात?

प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात, प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो आणि हंगामाच्या शेवटी तळाचे ३ संघ खाली जातात. त्याखालच्या चॅम्पियनशिप या विभागात २४ संघ असून तेथे ४६ सामने होतात. पहिले दोन संघ थेट वर जातात, तर २०२२-२३ मध्ये तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकावरील चार संघ आपापसांत उपांत्य सामने खेळले आणि त्यांतील विजेत्यांचा अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला. लुटन याच दुसऱ्या वाटेने आला. २७ मे २०२३ रोजी कॉव्हेंट्रीविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाल्यावर त्याने पेनल्टी शूटआउट ६-५ असा जिंकला. हाच क्लब २०१४ पर्यंत पाचव्या पातळीवर खेळत होता. पेली रुडॉक म्पांझू हा खेळाडू पाचव्या पातळीपासून प्रीमियर लीगपर्यंत एकाच क्लबाबरोबर चढत आला, आणि असे करणारा तो पहिलाच.

२. म्हणजे कोल्हापूरच्या तालमींचा संघ वरच्या गटात जातो, तसेच ना?

रचना सारखी आहे. पैशाचे गणित मात्र वेगळे आहे. पाटाकडील, खंडोबा किंवा दिलबहार या तालमींचा संघ म्हणजे त्या पेठेचा संघ. तो एखाद्या वर्षी घसरला, तरी पेठ काही त्याला सोडत नाही. इंग्लंडमध्येही प्रेक्षक सहसा क्लबाला सोडत नाहीत, परंतु दूरचित्रवाणीचा पैसा सोडतो. देशांतर्गत प्रक्षेपणातून मिळणाऱ्या रकमेतील निम्मा भाग सर्व २० क्लबांत समान वाटला जातो, एक चतुर्थांश भाग गुणतालिकेतील क्रमांकानुसार आणि उरलेला चतुर्थांश क्लबाचे किती सामने थेट दाखवले गेले यानुसार मिळतो. त्यामुळे अगदी तळाशी राहणाऱ्या क्लबालाही एका हंगामात १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. चॅम्पियनशिपमधील क्लबाला यातील लहानसा अंशच पाहायला मिळतो. शाहू स्टेडियमवर एक विभाग चढणे हा मानाचा प्रश्न असतो. तिकडे क्लबाचा पुढील काही वर्षांचा हिशेबच त्या एका चढाईने बदलतो.

३. इतका पैसा मिळत असेल, तर हे क्लब चांगले खेळाडू विकत का घेत नाहीत?

घेतात, पण हात बांधलेले असतात. लुटन वर आला त्या काळातील नियमांनुसार एखाद्या क्लबाला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा दाखवता येत असे, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. मात्र त्या तीन वर्षांपैकी जे वर्ष चॅम्पियनशिपमध्ये गेले, त्यासाठी ही मर्यादा १.३ कोटींवर येत असे. नवा क्लब जुन्या क्लबांच्या पंगतीत बसतो खरा, पण त्याच्या पानात वाढले जाते ते आधीच मोजून.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २०२२ मध्ये वर आल्यावर या क्लबाने एकाच उन्हाळ्यात वीसहून अधिक खेळाडू घेतले आणि तो त्या हंगामात तगला. परंतु तीन वर्षांपैकी दोन वर्षे खालच्या विभागात गेल्यामुळे त्याची मर्यादा ६.१ कोटी पौंड होती, आणि ती सुमारे ३.४५ कोटींनी ओलांडल्याबद्दल मार्च २०२४ मध्ये त्याचे ४ गुण कापले गेले.

लुटनने उलट हात आखडता ठेवला. याबद्दल अनेकांनी चिडून लिहिले आहे, परंतु माझ्या मते त्या क्लबाचा सावधपणा चुकीचा नव्हता. २००९ मध्ये हाच क्लब पैशाच्या गोंधळामुळे ३० गुण कापले जाऊन पाचव्या पातळीवर फेकला गेला होता. एकदा दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून पिणे साहजिक आहे.

४. खाली १०१ गुण मिळवणारा संघ वर जाऊन इतका कसा कोसळतो?

हा प्रश्न बर्नलीबद्दल आहे. २०२२-२३ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये १०१ गुण मिळवणाऱ्या या संघाला पुढच्याच हंगामात प्रीमियर लीगमध्ये २४ गुण मिळाले. सामने ४६ ऐवजी ३८ होते हे मान्य केले, तरी फरक प्रचंड आहे.

याचे मुख्य कारण असे, की खालच्या विभागात जिंकण्याची जी सवय लागते तीच वर नडते. बर्नलीचा संघ चेंडू स्वतःकडे ठेवून, गोलरक्षकापासून लहान लहान पास देत पुढे सरकायचा. चॅम्पियनशिपमध्ये असा पास चुकला, तर समोरचा आघाडीवीर दहांपैकी काही वेळाच त्याचा फायदा उठवतो. प्रीमियर लीगमध्ये तो बहुतेक वेळा उठवतो. शिवाय वर चेंडू आपल्याकडे कमी वेळ राहतो, त्यामुळे ज्या बचावफळीने वर्षभर फारसे काम केलेलेच नसते तिला अचानक नव्वद मिनिटे उभे राहावे लागते. २०२४-२५ मध्ये साउथहॅम्प्टनने हीच पद्धत हट्टाने चालवली. त्याला अवघे १२ गुण मिळाले आणि सात सामने बाकी असतानाच त्याचे खाली जाणे नक्की झाले; प्रीमियर लीगमध्ये इतक्या लवकर कोणताही संघ उतरलेला नव्हता.

५. लुटनने तर भरपूर गोल केले होते. मग तो क्लब उतरला कसा?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तरही लांब आहे.

लुटनने २०२३-२४ मध्ये ५२ गोल केले. त्याच हंगामात एव्हर्टनने ४० गोल केले आणि तो १५ व्या क्रमांकावर राहिला, तेही ८ गुण कापले गेल्यानंतर. फरक दुसऱ्या रकान्यात आहे : एव्हर्टनने ५१ गोल खाल्ले आणि लुटनने ८५. आपल्याकडे सामना पाहणारा माणूस गोल मोजतो, परंतु तळाची गुणतालिका वाचताना आधी खाल्लेले गोल वाचावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

लुटनच्या मैदानाची जादू खरी होती. केनिलवर्थ रोड हे मैदान घरांच्या रांगेत इतके दाटीने वसले आहे, की पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना राहत्या घरांच्या खालून काढलेल्या वाटेने आत जावे लागते. शहापूर किंवा वडगावच्या एखाद्या बोळातून वळावे आणि समोर एकदम मैदान दिसावे, अशी कल्पना करावी. ५ डिसेंबर २०२३ रोजी आर्सेनलसारखा संघ तेथे ३-२ असा मागे पडला होता. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, घरातील इतरांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद ठेवला होता, आणि सत्त्याण्णवाव्या मिनिटाला आर्सेनलच्या डेक्लन राइसने डोक्याने केलेला चौथा गोल आम्ही त्या शांततेतच पाहिला. सामना ३-४ असा गेला.

अशा पराभवाबद्दल लोक हळहळतात, पण लुटन त्या रात्रीमुळे उतरला नाही. ३० जानेवारी २०२४ रोजी त्याने ब्रायटनला ४-० असे हरवले, त्यात एलायजा अडेबायोने तीन गोल केले. चारच दिवसांनी न्यूकॅसलच्या मैदानावर ४-२ अशी आघाडी घेतली, ती टिकली नाही आणि ४-४ अशी बरोबरी झाली. त्यानंतर १० फेब्रुवारीला, शनिवारी, आपल्या वेळेनुसार रात्री साडेआठला, शेफिल्ड युनायटेड केनिलवर्थ रोडवर आला. हा संघ गुणतालिकेत सर्वांत तळाशी होता आणि त्याने त्या हंगामात एकूण १०४ गोल खाल्ले. टिळकवाडीत मित्राच्या घरी आम्ही पाच जण जेवणाची ताटे घेऊन निर्धास्त बसलो होतो, कारण हा सामना तर हातचाच होता. मध्यंतरापर्यंत ०-२ झाले आणि शेवटी १-३. ताटातील भाकरी तशीच राहिली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये बर्नलीनेही लुटनला त्याच मैदानावर २-१ असे हरवले होते.

शेवटी लुटनचे २६ गुण झाले आणि सतराव्या क्रमांकावरील फॉरेस्टचे ३२. हे दोन घरचे सामने जिंकले असते तर ६ गुण वाढून बरोबरी झाली असती, असे अनेक जण म्हणतात. हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. गुण समान असतील तर गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पाहतात. लुटनचा गोलफरक उणे ३३ होता आणि फॉरेस्टचा उणे १८. दोन्ही सामने एकेका गोलाने जिंकले असते, तरीही लुटन खालीच राहिला असता.

६. ४० गुण झाले की संघ वाचतो, असे सगळेच म्हणतात. ते खरे आहे का?

तो अंदाज आहे, नियम नाही. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही उतरला. याउलट २०२३-२४ मध्ये फॉरेस्ट ३२ गुणांवर वाचला. तळाचे तीन संघ किती दुबळे आहेत यावर ही रेषा वर-खाली होते. त्यामुळे ‘किती गुण हवेत’ यापेक्षा ‘खालून तिसऱ्या संघाच्या पुढे कसे राहायचे’ हाच प्रश्न क्लबापुढे असतो, आणि म्हणूनच आपल्यासारख्याच संघांविरुद्धचे सामने जड जातात (प्रश्न ५ पाहावा).

७. सलग दोन हंगाम वर आलेले तिन्ही संघ उतरले. आता हे असेच चालणार का?

२०२३-२४ मध्ये लुटन, बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड यांचे मिळून ६६ गुण झाले, तर २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन यांचे ५९. याआधी असे फक्त १९९७-९८ मध्ये झाले होते. दरी रुंदावत आहे, ही भीती निराधार नाही.

परंतु २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२२-२३ मध्ये तिन्ही नवे संघ वाचले होते, हेही लक्षात ठेवावे. ब्रेंटफर्डने २०२१-२२ मध्ये तेरावा क्रमांक मिळवला आणि वुल्व्ह्जने २०१८-१९ मध्ये चक्क सातवा. अधिक मागे गेल्यास, नॉटिंगहॅम फॉरेस्टने वर आल्यावर पहिल्याच हंगामात, १९७७-७८ मध्ये, इंग्लंडचे विजेतेपद पटकावले होते. जर्मनीत कायझरस्लाउटर्नने १९९७-९८ मध्ये तेच केले. आजच्या पैशाच्या वाटणीत असे पुन्हा घडेल, असे मला वाटत नाही.

पहिले वर्ष पार पडले म्हणजे धोका टळला, असेही नाही. इप्सविच २०००-०१ मध्ये वर येऊन पाचवा आला होता आणि पुढच्याच वर्षी उतरला.

८. मध्येच प्रशिक्षक बदलल्याने फायदा होतो का?

लुटनने रॉब एडवर्ड्स यांना हंगामभर ठेवले, साउथहॅम्प्टनने डिसेंबरमध्ये प्रशिक्षक बदलला, उतरले दोघेही. मुळात संघ कमी पडत असेल तर प्रशिक्षक बदलून फार काही हाती लागत नाही, एवढेच यावरून म्हणता येते.

९. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी का असतात, आणि ते आपल्याकडे किती वाजता दिसतात?

दुसऱ्या मैदानावरील निकाल आधी कळून कोणी सोयीचा खेळ करू नये, यासाठी दहाही सामने एकदम सुरू होतात. मे महिन्यात इंग्लंडमधील घड्याळ एक तास पुढे केलेले असते, म्हणून तिकडचे दुपारचे ४ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हिवाळ्यात मात्र तिकडचे दुपारचे ३ म्हणजे आपले साडेआठ होतात. ऑक्टोबरअखेर आणि मार्चअखेर हा बदल विसरल्यामुळे अनेकांचा सामन्याचा पहिला तास बुडतो किंवा तासभर उगाच वाट पाहण्यात जातो.

१९ मे २०२४ च्या त्या संध्याकाळी लुटन कागदावर अजून जिवंत होता, पण वाचण्यासाठी विजय, फॉरेस्टचा पराभव आणि गोलफरकात १२ गोलांची उलथापालथ हवी होती. लुटन २-४ असा हरला.

१०. उतरलेल्या क्लबाचे पुढे काय होते?

त्याला काही वर्षे सावरण्यासाठी रक्कम दिली जाते, जिला तिकडे ‘पॅराशूट’ रक्कम म्हणतात. समान वाटपाच्या रकमेपैकी पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के मिळतात; मात्र जो क्लब एकाच हंगामात उतरला, त्याला तिसरे वर्ष मिळत नाही. शिवाय बहुतेक शहाणे क्लब करारातच असे लिहून घेतात, की संघ उतरल्यास खेळाडूंचा पगार कमी होईल.

या रकमेमुळे उतरलेला क्लब खालच्या विभागात श्रीमंत ठरतो आणि पुन्हा वर येतो, हे बर्नलीने दाखवून दिले : २०२४-२५ मध्ये ४६ सामन्यांत केवळ १६ गोल खाऊन तो १०० गुणांनिशी परतला. पण छत्री उघडतेच असे नाही. त्याच हंगामात लुटन चॅम्पियनशिपमधूनही खाली तिसऱ्या पातळीवर गेला. हल सिटी आणि लुटन या दोघांचेही ४९ गुण झाले होते. हल वाचला, तो गोलफरकावर.

११. आपल्याकडे, म्हणजे गोवा आणि बेंगळुरूच्या संघांत, असे चढणे-उतरणे असते का?

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात खेळातून वर येण्याची वाटच नव्हती. बेंगळुरू एफसीने २०१७-१८ मध्ये प्रवेश घेतला तो खालून चढून नव्हे, तर बोली लावून. पहिल्याच हंगामात तो गुणतालिकेत अव्वल राहिला आणि अंतिम फेरीत हरला. त्यामुळे राज्याचा संघ म्हणून त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण या विषयात त्याचे उदाहरण चालत नाही. आय-लीग ही खालची स्पर्धा जिंकून सुपर लीगमध्ये जाणारा पहिला क्लब पंजाब एफसी. तो २०२३-२४ मध्ये आठवा आला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मानाने चांगलाच.

पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आला. त्याने गोव्याला १-१ असे रोखून पहिला गुण मिळवला, चेन्नईत जाऊन चेन्नईयिनला १-० असे हरवले, आणि मग घसरगुंडी सुरू झाली. २४ सामन्यांत २ विजय आणि तळाचा तेरावा क्रमांक, असा त्याचा शेवट झाला. इंग्लंडमध्ये तो उतरला असता. त्या हंगामात सुपर लीगमधून कोणी उतरतच नव्हते. मला ही सोय फारशी हिताची वाटत नाही, कारण खाली पडण्याची भीती नसलेल्या तळाच्या सामन्यांना धार राहत नाही, आणि प्रश्न ५ मधील शेफिल्डच्या सामन्यासारखी रात्र आपल्याला पाहायलाच मिळत नाही.

गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सबद्दल विचारणाऱ्यांसाठी : २०२४-२५ ची आय-लीग चर्चिलने जिंकल्याचे आधी जाहीर झाले होते. नंतर क्रीडा लवादाने जुलै २०२५ मध्ये इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला आणि विजेतेपद त्या क्लबाकडे गेले. वर जाण्याचा निर्णय मैदानाबाहेरही होऊ शकतो, याचे हे घरचेच उदाहरण.

१२. सामना अर्धवट थांबला तर गुण कोणाला मिळतात?

याला एक ठरलेले उत्तर नाही, निर्णय लीग घेते. १६ डिसेंबर २०२३ रोजी बोर्नमथ येथे १-१ अशी बरोबरी असताना लुटनचा कर्णधार टॉम लॉकियर हृदयक्रिया थांबून मैदानावर कोसळला. सुदैवाने त्याचे प्राण वाचले. सामना रद्द करून १३ मार्च २०२४ रोजी शून्यापासून पुन्हा खेळवण्यात आला, म्हणजे पहिल्या सामन्यातील दोन्ही गोल पुसले गेले. दुसऱ्या वेळी लुटन मध्यंतराला ३-० असा पुढे होता. सामना ४-३ असा बोर्नमथने जिंकला.

१३. एका न दिसलेल्या गोलामुळे क्लब उतरू शकतो का?

उतरलेला आहे. १ सप्टेंबर १९९७ रोजी, त्याच वर्षी वर आलेल्या बोल्टनच्या नव्या मैदानावर एव्हर्टनविरुद्ध गेरी टॅगर्टने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषेच्या आत गेला होता, पण पंचांनी गोल दिला नाही आणि सामना ०-० राहिला. मे महिन्यात दोन्ही संघांचे गुण ४० झाले. एव्हर्टन गोलफरकावर वाचला आणि बोल्टन उतरला.

प्रीमियर लीगमध्ये गोलरेषेचे तंत्र (चेंडू रेषेच्या आत गेला की कॅमेऱ्यांच्या मदतीने पंचांच्या घड्याळावर इशारा देणारे) २०१३-१४ पासून आले, तेव्हा हा प्रश्न संपला असे वाटले होते. मात्र १७ जून २०२० रोजी शेफिल्ड युनायटेडविरुद्ध ॲस्टन व्हिलाचा गोलरक्षक चेंडू हातात घेऊन रेषेच्या आत गेला, आणि सर्व कॅमेऱ्यांची दृष्टी खेळाडूंच्या गर्दीमुळे अडल्याने पंचांच्या मनगटावरील घड्याळ वाजलेच नाही. तो सामनाही ०-० सुटला. व्हिला हा २०१९ मध्ये वर आलेला क्लब होता. हंगामाअखेर त्याचे ३५ गुण झाले. बोर्नमथ आणि वॉटफर्ड ३४ गुणांवर उतरले.